तू ये, म्हणजे तो जाईल

११ मार्च

दवाखान्यासमोरच्या भिंतीवर सकाळी नवं पोस्टर लागलं. आमची खुर्ची खिडकीकडे तोंड करून आहे, त्यामुळे दिवसभर जो जो पेशंट आला त्यानं आ वासून तेच पाहिलं. टोपी घातलेली मुलगी, हनुवटी वर, मागे आभाळ, आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘तू ये, म्हणजे तो जाईल.’ डॉक्टर दाढ उपटतात तेव्हा मी मागून पेशंटचं डोकं धरून ठेवते. चार वर्षं हेच काम. डॉक्टर हसत म्हणाले, त्या पोरीचा एकही दात किडलेला नाही, म्हणजे ती चित्रातलीच असणार. मला मात्र ती सारखी माझ्याकडेच बघतेय असं वाटत होतं. तसं सगळ्यांनाच वाटत असेल, ते चित्र काढणाऱ्याचं कसब. तरी वाटलं खरं.

१२ मार्च

जेवताना विषय काढला. आत्या म्हणाली, पलटणीत गेलेल्या पोरींना चांगली स्थळं येत नाहीत, आणि घर काय तुला खायला उठलंय का? तिला कोण सांगणार की उठलंय म्हणून! आई गेल्यापासून घर आत्याच सांभाळते. दादा होता तोवर तिची बोलणी आम्हा दोघांत वाटली जायची. तो आघाडीवर गेल्यापासून सगळा वाटा माझा.

बाबा पाणीखात्यात मीटर वाचायचे. लोकांच्या दारात उभं राहून निमूट ऐकून घ्यायची त्यांना तेव्हापासून सवय. ताटावरून उठताना एवढंच म्हणाले, “‘तो’ म्हणजे कोण?”

मी म्हटलं, कोण म्हणजे? कोणी एक नाही. बोलायची पद्धत असते.

१९ मार्च

नाव नोंदवलं.

भरतीच्या ऑफिसात एक बाई होत्या, आवाज मऊ, नखं स्वच्छ. घरचं कोणी तिकडे आहे का असं त्यांनी विचारलं. मी दादाचं सांगितलं. सव्वा वर्ष झालं, एकदाही रजा नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “तुमच्यासारखी एक आली की इथला एक पुरुष तिकडे जातो. तिकडे माणसं वाढली की तुमच्या दादासारख्याला घरी यायला मिळतं. सरळ आहे.”

सरळच आहे की. इतक्या सरळपणे हे मला आजवर कोणी समजावलंच नव्हतं.

आत्या बोलत नाहीये. भांडी बोलतायत.

६ एप्रिल

कवायत संपली. आज कामं वाटली. कोणाला गाडी, कोणाला टेलिफोन. माझी पाळी आली तेव्हा साहेबांनी विचारलं, तुम्हाला येतं काय? मी म्हटलं, मला डोकी धरता येतात. सगळे हसले. साहेबांनी न हसता लिहिलं, ‘मनगटं मजबूत’, आणि मला बेकरीत पाठवलं.

बेकरी! पोस्टरवर आभाळ होतं, इथे छताला जळमटं आहेत. आत्याला कळलं तर म्हणेल, घरात कणीक तिंबायला कंटाळा यायचा, आता सरकारची तिंब. तिला लिहिलं नाही, ‘पुरवठा विभाग’ असं लिहिलंय.

जागा म्हणजे पूर्वीचा साबणाचा कारखाना. भट्ट्या तापल्या की भिंतींना अजून साबणाचा वास सुटतो. माझ्याबरोबर आणखी एक मुलगी आली आहे, एवढी उंच की दारातून वाकून जाते. सगळे तिला लंबू म्हणतात, तीही ‘ओ’ देते. तिची जीभ तिच्याहून लांब.

९ एप्रिल

ज्याची जागा मी घेणार तो माणूस आज पाहिला. नाव कोणी घेत नाही, भट्टीमास्तर म्हणतात. तिशी ओलांडलेला, भुवयांवर पीठ, आणि सारखा खोकतो. पिठानं छाती भरलीय म्हणे. मोठ्या डॉक्टरांच्या तपासणीत त्यानं तसं सांगितलं तर उत्तर मिळालं, जो दिवसभर भट्टीसमोर उभा राहतो तो खंदकातही उभा राहील. हे मला लंबूनं सांगितलं. मी म्हटलं, डॉक्टरांना जास्त कळतं. मी दवाखान्यातून आलेय, मला माहीत आहे, दाढ काढायची वेळ आली की प्रत्येकालाच काही ना काही होत असतं.

नियम असा: मी सलग आठवडाभर न बिघडवता पाव काढला की मास्तर सुटले. कप्तानसाहेब ‘सुटले’ असंच म्हणाले. मास्तर खाली मान घालून परातीच्या कडा खरवडत होते.

त्यांच्या हाताला मात्र जादू आहे. भट्टी किती तापली हे बघायला आत मूठभर पीठ भिरकावतात आणि त्याचा रंग बदलताना बघत राहतात. पाव उलटा करून बुडावर बोटानं वाजवतात, पोकळ आवाज आला की झाला. मी वाजवला. मला तर सगळे सारखेच वाजले. ते म्हणाले, घाई नको, कान यायला वेळ लागतो. किती? तर म्हणाले, “पुष्कळ.”

१५ एप्रिल

दादाचं पत्र. चारच ओळी. ‘तू का गेलीस? कोणी सांगितलं? जमलं तर परत फिर.’ रजेबद्दल चकार शब्द नाही. वाईट वाटलं. मी ज्याच्यासाठी उन्हात कवायत केली तोच म्हणतो परत फिर. पुरुषांना आपल्याशिवाय कोणी काही केलेलं खपत नाही, हेच खरं.

२० एप्रिल

माझा पाव बसतोय. रोज. लंबूचा फुगतो, माझा नाही. पीठ तेच, खमीर तेच, पाणी तेच. आज माझा घाणा एवढा चपटा निघाला की लंबू म्हणाली, शत्रूवर फेकायला दे, गोळ्या वाचतील. सगळे हसले, मीही हसले, आणि मागे कोठारात जाऊन रडले.

मास्तर आत आले. पिठाच्या पोत्यावर बसले, खोकला थांबेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, मनाला लावून घेऊ नका, असं सगळ्यांचंच होतं. किती समजूतदार माणूस! बहिणीबद्दल सांगत होते. ती मोठी, आई-बाप गेल्यावर तिनंच शिवणकाम करून यांना आणि मधल्या भावाला वाढवलं. मधला लढाईच्या पहिल्याच वर्षी गेला. तेव्हापासून ती यांना रात्रपाळी असली तरी जेवल्याशिवाय घराबाहेर पडू देत नाही. मीही मग दादाबद्दल सांगितलं. रजेचं, भरतीच्या बाईंनी समजावलेलं, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे आपलं दोघांचं सारखंच आहे.”

मला नीटसं कळलं नाही काय सारखं आहे ते. बरं मात्र वाटलं.

२४ एप्रिल

आज पाहिलं.

मी खमिराची बादली आणायला गेले होते, परत आले तर मास्तर माझ्या परातीवर वाकलेले. हातात मिठाची वाटी. मीठ मी आधीच घातलं होतं, त्यांच्यादेखत. मूठ भरून त्यांनी आणखी टाकलं आणि वर पीठ सारखं केलं. जास्त मिठानं खमीर मरतं, हे मला त्यांनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

मी बादली खाली ठेवली. त्यांनी वळून पाहिलं. लपवायचा प्रयत्नही केला नाही.

“दोन महिने,” ते म्हणाले. “दोन महिन्यांत तह होईल असं सगळे म्हणतायत. तेवढे दिवस तुमचा पाव बसू दे. तुम्हाला कोणी फाशी देणार नाही. नवी आहे, म्हणतील.”

मी म्हटलं, आणि माझा दादा? तो दोन महिने तिकडेच?

“मी गेल्यानं तो येणार नाही हो.”

“असं तुम्हाला वाटतं.”

“तुम्हाला जे वाटतं तेही वाटणंच आहे.”

मग त्यांना खोकला आला आणि बोलणं तिथेच राहिलं. मी ते पीठ फेकून नवं मळलं. संध्याकाळी पाव निघाला तो असा टम्म, सोनेरी, की लंबू आ करून बघत राहिली. मला आनंद व्हायला हवा होता. नाही म्हणजे, झाला. थोडा झाला.

२५ एप्रिल

डोक्यात तेच. मी स्वतःला विचारलं, यात चूक कोणाची? लबाडी त्यांनी केली. मला दोन आठवडे मूर्ख ठरवलं. वर कोठारात येऊन समजूत घातली, ती तर जास्तच चीड आणते. आणि प्रत्येकानं असंच आपल्या जागेला चिकटून राहायचं ठरवलं तर दादानं काय जन्मभर तिकडेच राहायचं? त्याची जागा घ्यायला कोण जाणार?

लंबूला विचारलं. ती म्हणाली, गप्प बस, तुझं काय जातं? तिला भाऊ नाही.

२६ एप्रिल

कप्तानसाहेबांना सांगितलं. चाडी करायला गेले नव्हते. त्यांनीच बोलावून विचारलं की एकाएकी पाव इतका चांगला कसा. खोटं बोलायचं का मी? जे घडलं ते सांगितलं. मास्तरांना शिक्षा करू नका असंही सांगितलं. ते म्हणाले, “छे, छे, शिक्षा कसली? माणूस तयार आहे, तुम्ही तयार आहात. मग थांबायचं कशाला?”

शिक्षा नाही ते बरं झालं. सोमवारी निघायचा हुकूम.

मास्तर दिवसभर शिकवत होते. नीट, बारकाईनं, सगळं. कोणती भट्टी डावीकडून जास्त तापते, दमट दिवसात पाणी किती कमी करायचं, खमीर आंबूस झालं तर काय. एवढ्या दिवसांत शिकवलं नव्हतं ते एका दिवसात. शेवटी एक पाव उलटा करून माझ्या कानाशी धरला आणि वाजवला. मला ऐकू आलं.

२९ एप्रिल

निघायच्या दिवशीच प्रचारखात्याचे साहेब आले, बरोबर फोटोवाला आणि एक चेहरे रंगवणारी बाई. साहेबांच्या अंगाला एवढं अत्तर की खमिराचा वास मेला. लंबूनं तिथल्या तिथे नाव ठेवलं, अत्तरसाहेब. त्यांना नवीन पोस्टर हवं होतं, म्हणाले, चित्रातल्या मुलीला लोक कंटाळले, आता खरी माणसं दाखवायची. ‘तिनं जागा घेतली, तो लढायला निघाला.’ मला पांढराशुभ्र एप्रन, मास्तरांना कोणाचा तरी नवा कोट आणि बंदूक. बंदूक त्यांनी झाडूसारखी धरली. दोघांनी हात मिळवायचा आणि एकमेकांकडे बघून हसायचं.

मास्तर हसेनात. फोटोवाल्यानं नाना परींनी सांगून पाहिलं. माझाही जबडा दुखायला लागला होता. तेवढ्यात अत्तरसाहेब म्हणाले, मुलीच्या गालाला जरा पीठ असायला हवं, कामातून उठून आल्यासारखं वाटेल. रंगवणाऱ्या बाईनं पेटी उघडली आणि चेहऱ्याला लावायची पावडर काढून माझ्या गालावर फुंकली. भोवती पिठाची पोतीच पोती! मी पुटपुटले, “बेकरीत पीठ मिळेना वाटतं.” आणि मास्तर हसले. असे हसले की डोळे बारीक झाले. फोटोवाल्यानं तेवढं बरोबर टिपलं.

मग त्यांनी कोट परत दिला. बंदूकही. स्वतःच्या जुन्याच कोटात ट्रकमध्ये चढले. जाताना मला म्हणाले, “तुमच्या दादाला रजा मिळू दे.” मनापासून म्हणाले की टोमणा होता, मला अजून ठरवता येत नाही. मनापासूनच असणार.

१८ मे

पोस्टर लागलं. शहरभर आहे म्हणे. दातांच्या डॉक्टरांनी मुद्दाम चिठ्ठी पाठवली की दवाखान्यासमोरही मीच आहे, आणि नवी पोरगी डोकं नीट धरत नाही. आत्यानं शेजारणींना नेऊन दाखवलं. पलटणीतल्या मुलींना स्थळं येत नाहीत म्हणणारी आत्या! शेजारीण म्हणाली, बरोबरचा मुलगा कोण, जोडा छान दिसतो. आत्यानं तिच्याशी बोलणं सोडलंय.

फोटो खरंच चांगला आलाय. मी जरा जाड दिसते.

२ जून

आता आठवड्यातून एकदा अत्तरसाहेबांबरोबर सभा. व्यासपीठावर मागे तेच पोस्टर, पुढे मी. भाषण ते लिहून देतात, मी पाठ करते. ‘माझ्या हातातला प्रत्येक पाव म्हणजे...’ वगैरे. पहिल्यांदा कागद बघून म्हटलं, आता नाही. शेवटी बॅण्ड वाजतो आणि मुली नावनोंदणीच्या टेबलाकडे जातात. आज एक आई मुलीचा हात धरून ओढत होती आणि मुलगी माझ्याकडे बघत होती. तिचं डोकं मागून कोणीतरी धरून ठेवलंय असं काहीसं मनात आलं. विचित्र विचार.

मला बाहीवर एक पट्टी मिळाली. बेकरीची मुख्य आता मी. लंबू म्हणते, या लढाईत प्रत्येक जण आपापली पोळी भाजून घेतोय, आपण निदान पाव तरी भाजतो. माझ्याकडे बघून म्हणाली. मी म्हटलं, स्पष्ट बोल. ती म्हणाली, स्पष्टच बोलतेय.

३० जून

तह वगैरे काही झाला नाही. दोन महिने झालेच होते, म्हणून आठवलं. म्हणजे ते थांबले असते तरी उपयोग नव्हता. हे मी लंबूला सांगितलं. ती काहीच बोलली नाही, जे तिच्या बाबतीत फार बोलणं आहे.

३ ऑगस्ट

दादा आला! कप्तानसाहेबांनी मला घरी जायची परवानगी दिली. दारात एक माणूस बसला होता, आधी ओळखलंच नाही. मानेची हाडं दिसतात. आत्या त्याच्या ताटात वाढते आणि तो आपल्याला सांगितलंय म्हणून खाल्ल्यासारखा खातो.

मी मनात म्हटलं, सरळ होतं ते. अगदी बाईंनी सांगितलं तसं. मी गेले, मास्तर गेले, दादा आला. आत्यानंही तेच म्हटलं, मोठ्यानं, की पोरीच्या पुण्याईनं पोरगा घरी आला.

दादा म्हणाला, “चिठ्ठ्या टाकल्या आमच्यात. माझी निघाली.”

५ ऑगस्ट

दादाला घेऊन बाजारात गेले. हौसेनंच गेले होते, त्यानं पोस्टर पाहावं म्हणून. तो पुष्कळ वेळ उभा राहिला. मग विचारलं, हा कोण? मी सांगितलं, भट्टीमास्तर, त्यांची जागा मी घेतली.

तो म्हणाला, असे येतात आता आमच्याकडे. बेकरीवाले, कारकून, धोबी. कालपरवापर्यंत आत बसून काम केलेले. कुठे डोकं खाली घालायचं ते कळत नाही त्यांना, आणि शिकवायला वेळ नसतो.

मग पोस्टरकडे बघतच म्हणाला, “आम्ही त्यांना नावं विचारत नाही. नाव कळलं की त्रास होतो.”

मी विचारलं, पण माणसं वाढली की तुम्हाला आराम मिळतो ना? तो माझ्याकडे असा बघत राहिला, लहानपणी मी पाटीवर चुकीची बेरीज केली की बघायचा तसा. मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही घरी आलो.

८ ऑगस्ट

दादा परत गेला. सहा दिवसांची रजा. स्टेशनवर बाबांनी त्याची पिशवी शेवटपर्यंत हातात धरून ठेवली, गाडी हलल्यावर दिली.

२१ ऑगस्ट

मास्तर गेले. तळावरचं शिक्षण संपवून आघाडीवर पोचले, त्याला पुरता आठवडाही झाला नव्हता. कप्तानसाहेबांनी सांगितलं तेव्हा माझ्या हातात पाव काढायची लांब दांड्याची फळी होती. मी सगळे पाव काढले. एकही जळू दिला नाही. मग बसले.

लंबूनं माझ्या हातातून फळी घेतली. मला वाटलं आता ती बोलेल, आणि बोलावं असंही वाटलं. तिनं पाणी आणून दिलं फक्त.

२४ ऑगस्ट

पोस्टर आता उतरवतील असं मला वाटत होतं. अत्तरसाहेब आले, कपाळाला हात लावून दोन मिनिटं बसले, आणि मग त्यांना सुचलं. नुसती खालची ओळ बदलायची. जुन्या पोस्टरवरच तळाला नवी पट्टी चिकटवायची: ‘त्याचं काम अपुरं ठेवू नकोस.’ स्वतःशीच दोनदा म्हणून पाहिलं. छपाईही वाचते, म्हणाले.

मी म्हटलं, त्यांच्या बहिणीला विचारलंत का? साहेब म्हणाले, वा, बहीण आहे का? व्यासपीठावर येईल?

१ सप्टेंबर

आज रविवार. मास्तरांच्या बहिणीकडे गेले. पत्ता कप्तानसाहेबांनी दिला. जिना चढताना काय बोलायचं ते ठरवलं होतं. सगळं सांगायचं, मिठाचं, मी तक्रार केल्याचं. मग तिनं काय वाट्टेल ते बोलावं, हाकलून द्यावं.

तिनं दार उघडलं आणि मला लगेच ओळखलं. अर्थात. तिच्या गल्लीच्या कोपऱ्यावरही मी आहे. रोज पाणी भरायला, दुकानात जायला, माझ्यासमोरून जात असणार.

खोली एकच. शिवणयंत्र, कपड्यांचे ढीग, दोन खुर्च्या. तिनं एका खुर्चीवरचे शर्ट उचलले आणि बसा म्हणाली. केस पांढरे झालेत, पण वय पन्नाशीच्या आतच. डोळे तेच. मी बोलायला सुरुवात केली, आणि ‘मीठ’ हा शब्द तोंडातून निघाला तेवढ्यात ती म्हणाली, “सांगितलं होतं त्यानं. जायच्या आदल्या दिवशी.”

मी पिशवी खाली ठेवली.

“ती कल्पना माझीच,” ती म्हणाली. “मीच म्हटलं होतं, पोरगी नवखी आहे, काहीतरी कर, पण दोन महिने काढ. त्याला नव्हतं करायचं. बिचारीला बोलणी बसतात, म्हणायचा. बिचारी म्हणजे तुम्ही.”

खाली रस्त्यावर कोणीतरी हातगाडी ढकलत गेलं, ती जाईपर्यंत आम्ही दोघी ऐकत राहिलो. मग तिनं विचारलं, “तुमच्या भावाला रजा मिळाली का?”

मी म्हटलं, मिळाली.

“किती?”

“सहा दिवस.”

तिनं मान हलवली. भाव विचारावा आणि तो ऐकून घ्यावा तशी. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी आले असते. या मान हलवण्याचं काय करायचं?

निघायला उठले तर ती म्हणाली, एक काम होतं. ते पोस्टर. एक कोरं मिळेल का, ती नवी पट्टी न लावलेलं? त्याचा मोठेपणीचा एकही फोटो घरात नाही. माझ्या पिशवीत सभेसाठी दिलेलं एक गुंडाळी करून होतंच. तिनं ते शिवणाच्या टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर रिळं ठेवली, आणि बघत राहिली. म्हणाली, “तो असाच हसायचा. मला वाटायचं रंगवणाऱ्यानं हसू मागून काढलंय. खरंच हसला होता?”

मी पावडरीची गोष्ट सांगितली. पोती, पेटी, बाईनं मारलेली फुंकर. ती ऐकताना तिचेही डोळे बारीक झाले, त्यांचे झाले होते तसेच. मग तिनं मोठी कात्री घेतली आणि पोस्टर मधून कापायला लागली. मला विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं. कापड कापतात तशी, न थांबता, वरून सरळ खाली. मध्यावर येऊन थांबली. तिथे हातात हात होते.

कात्री इकडून नेऊन पाहिली, तिकडून नेऊन पाहिली.

“तुमची बोटं काढायला गेले तर त्याचा हात जातो,” ती म्हणाली. आणि मग, “राहू देत.”

माझ्या बोटांभोवतीनं कात्री नीट वळवली, खालपर्यंत कापलं. उरलेला कागद गुंडाळून माझ्या हातात दिला. हे घेऊन जा, म्हणाली.

बराकीत येऊन तो उलगडला. मी गालाला पावडर लावून हसतेय, हात पुढे केलाय, आणि हाताला बोटं नाहीत.

७ सप्टेंबर

आज सभा. नाटकाचं मोठं थिएटर, वरची गॅलरीसुद्धा भरलेली. पाठ केलेलं भाषण म्हणायचं नाही असं मी कालच ठरवलं होतं. लंबूला सांगितलं होतं. ती पहिल्यांदाच सभेला आली, मागे भिंतीला टेकून उभी राहिली.

मी उभी राहिले आणि पोस्टरकडे हात केला. म्हटलं, हा माणूस मेला. याला जायचं नव्हतं. याला खोकला होता. मी नापास व्हावं आणि आपण राहावं म्हणून यानं माझ्या पिठात मूठभर मीठ जास्त टाकलं. मी ते पाहिलं आणि जाऊन सांगितलं, म्हणून तो गेला. माझ्या भावाला रजा मिळेल असं मला सांगितलं होतं. माझ्या भावाची रजा चिठ्ठ्या टाकून निघाली. तुम्ही आलात तर तुमच्या जागी असाच एक जाईल. एवढंच मला माहीत आहे.

मला वाटलं, आता कोणीतरी उठेल. आता मला खाली ओढतील, बाहीवरची पट्टी काढून घेतील, कोठडीत टाकतील. मी तयार होते. खरं सांगते, मी वाट बघत होते.

पुढच्या रांगेतली एक बाई हुंदका देऊन रडायला लागली. मग टाळी वाजली. एक, मग चार, मग सगळं थिएटर. गॅलरीतले लोक उठून उभे राहिले. अत्तरसाहेबांनी हात वर केला, बॅण्ड सुरू झाला.

खाली उतरले तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. म्हणाले, मिठाची गोष्ट काळजाला भिडली, असं कोणाला लिहून देता येत नाही. पुढच्या शहरात हेच सांगायचं. तक्रारीचा भाग तेवढा गाळा, आणि शेवट जरा उमेदीचा करा.

लंबू मागे होती ती दिसली नाही. निघून गेली असावी.

मी बाजूच्या दारानं बाहेर पडत होते. तिथे एक मुलगी माझी वाट बघत थांबली होती, असेल विशीची, नाक रडून लाल. म्हणाली, “ताई, किती खरं बोललात तुम्ही. माझाही भाऊ आहे तिकडे. नाव कुठे नोंदवायचं?”

तिथे गर्दी होती, तिला टेबल दिसत नव्हतं.

मी बोट करून दाखवलं.